एक घर कमी

कर्णिक सर मीटरचं रीडिंग घ्यायचे तेव्हा श्वास रोखून धरायचे. आधी चष्मा कपाळावर, मग डावा डोळा बंद, मग कमरेतून वाकून चेहरा थेट मीटरच्या वर, आणि मग श्वास बंद. काटा पूर्ण थांबेपर्यंत ते तसेच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, सरांना काहीतरी होतंय. पहिल्या आठवड्यात मी खरंच त्यांच्यासाठी पाणी आणायला धावले होते. परत आले तर ते सरळ उभे राहून वहीत आकडा लिहीत होते. माझ्या हातातला ग्लास बघून म्हणाले, "मीटरला पाणी पाजत नाहीत, दीकरा."

दीकरा म्हणजे गुजरातीत लेकरा. मुलगा असो, मुलगी असो, सरांच्या तोंडी एकच शब्द.

पदाने ते आमच्या कॉलेजच्या विद्युत मापन प्रयोगशाळेचे सहायक होते. शिकवायला वेगळे प्राध्यापक असायचे, पण ते दर दोन वर्षांनी बदलायचे आणि कर्णिक सर तिथेच असायचे. त्यामुळे त्यांना सगळेच सर म्हणत. त्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या वीज खात्यात होते, वडीलही विजेच्याच नोकरीत. "तीन पिढ्या काटाच बघतोय आम्ही," असं ते अशा थाटात सांगायचे की जणू दुसऱ्या कुणाच्या घरी तीन पिढ्या राज्य करत होत्या. बडोद्यातच, अकोट्याला त्यांचं घर. घरात अगदी नीट मराठी बोलत असावेत, कारण फोनवर काकूंशी बोलताना "अहो, ऐकलंत का" असं चालायचं. प्रयोगशाळेत मात्र मराठीत बसवलेली गुजराती, 'ना'च्या जागी 'ने', आणि रागावले की नुसती गुजराती.

मी वाघोडियाहून यायचे. पप्पा तिथल्या जीआयडीसीत एका कारखान्यात हेल्पर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉलेजात कुठली गोष्ट विचारायची असते आणि कुठली आपल्याला आधीच माहीत असायला हवी असते, ते मला समजायचं नाही. म्हणून मी काहीच विचारायचे नाही. सरांनी हे दुसऱ्याच दिवशी ओळखलं. "पाटलीणबाई, तुम्ही बोलता का कधी, की फक्त हजेरीला?" तेव्हापासून मी त्यांची पाटलीणबाई.

सरांचं सगळं प्रेम काट्याच्या मीटरांवर. काट्याचं मल्टिमीटर आता फारसं कुणी बघितलेलं नसतं म्हणून सांगते. एक चौकोनी डबी, वर अर्धगोल पट्टी, तिच्यावर आखलेली बारीक घरं, आणि त्यांवर फिरणारा केसासारखा काटा. खाली एक मोठा खटका. तो फिरवून व्होल्ट मोजायचे की करंट की रोध, आणि किती रेंजपर्यंत, ते ठरवायचं. पट्टीच्या खाली आरशाची एक बारीक रेघ असते. काटा आणि आरशातली त्याची सावली एकावर एक आली, म्हणजे तुम्ही सरळ बघताय. सावली वेगळी दिसली, म्हणजे नजर तिरकी, आणि रीडिंग चुकलं. अशी बावीस मीटर आमच्या प्रयोगशाळेत होती. प्रत्येक जण कधी ना कधी त्यांतलं एखादं बिघडवायचाच, कारण खटका करंटवर ठेवून प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, थेट विजेच्या प्लगमध्ये घालणारा एक तरी वीर प्रत्येक वर्गात असतो.

मीटर बिघडलं की सरांना मनातून आनंद व्हायचा. चेहरा गंभीर ठेवायचे, पण हात चोळायचे.

त्यांचा एक नियम होता. बिघडलेलं मीटर कुणीही लगेच उघडायचं नाही. आधी बाहेरूनच तपासायचं, विचार करायचा, आणि आत नेमकं काय बिघडलंय ते चिठ्ठीवर लिहून, घडी घालून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. नुसता भाग लिहून चालायचं नाही. बाकीचे भाग चांगले का आहेत, तेही लिहायचं. मग स्क्रू काढायचे. चिठ्ठी चुकली तर मीटर जसंच्या तसं बंद करायचं, चारही स्क्रू घट्ट पिळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून विचार. "उघडल्यावर तर कोणालाही दिसतं," सर म्हणायचे. "उघडल्याशिवाय दिसलं पाहिजे."

माझी पहिली चिठ्ठी मला पाठ आहे. काटा कुठल्याच रेंजवर हलत नव्हता. मी पुस्तक वाचून आले होते, म्हणून लिहिलं: कॉइल जळली आहे. सरांनी चिठ्ठी वाचली, काही न बोलता माझ्या हातातल्या प्रोबची लाल वायर मधोमध धरून वाकवली. काटा टुणकन उडाला. वायर प्लॅस्टिकच्या आतून तुटली होती.

"हातभर वायर तुटली," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि पाटलीणबाईंनी मीटरचं तेरावं घातलं. जेवायला कधी येऊ आम्ही?"

महिनाभर कॅन्टीनमध्ये मुलं मला विचारत होती, तेराव्याला काय केलंस. मला लाज वाटायची, पण त्यानंतर कुठलीही गोष्ट मेली असं म्हणण्याआधी मी वायर वाकवून बघते.

दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, फ्यूज गेलाय. त्या मीटरवर सेलचे, म्हणजे डीसी व्होल्ट बरोबर येत होते, फक्त घरच्या विजेचे, म्हणजे एसी व्होल्ट मोजताना काटा झोपून राहायचा. सरांनी त्याला जवळ बसवलं. "फ्यूज वॉचमन आहे ने? वॉचमन मेला तर सगळ्यांसाठी गेट बंद. इथे डीसीवाले आरामात ये-जा करतात, फक्त एसीवाले अडकतात. मग कोण मेलं?" मुलगा बराच वेळ बसला आणि म्हणाला, "एसीचं डीसी करणारा डायोड." सरांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचाच काटा हलला असेल.

आणि एकदा जानेवारीत, कोरड्या हवेत, एका मुलीने मीटरची काच ओढणीने खसाखसा पुसली. खरं तर ती काच नसते, प्लॅस्टिक असतं. काटा जो पट्टीच्या मध्यावर चिकटला तो हलेना. सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या, कुणी स्प्रिंग म्हटलं, कुणी लोखंडाचा कण. सरांनी एकही उघडली नाही. मीटर तोंडाजवळ नेलं, डोळे मिटले आणि काचेवर लांब "हाऽऽऽ" केलं. काटा हळूच शून्यावर येऊन बसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, मंत्र शिकवा ने." सर म्हणाले, "पुसून पुसून वीज साठली होती तिच्यावर. श्वासाच्या दमटपणाने गेली. मंत्राला अभ्यास लागत नाही, याला लागतो."

असे हे सर. बावीस मीटरांत एकाही स्क्रूचं डोकं झिजलेलं नव्हतं. आणि या सगळ्यांच्या वर, त्यांच्या टेबलाच्या खणात, मऊ पिवळ्या कपड्यात गुंडाळलेलं त्यांचं स्वतःचं मीटर. नोकरीला लागले तेव्हा घेतलेलं. त्याला कुणी हात लावायचा नाही. कॉलेजचं मीटर दुरुस्त झालं की ते खणातलं मीटर बाहेर यायचं. दोघांना एकाच सेलवर लावायचं, आणि कॉलेजच्या मीटरच्या आतला एक बारीक स्क्रू फिरवून त्याचा काटा सरांच्या काट्याबरोबर आणायचा. मग पाठीवर हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे हे मीटर खरं बोलतं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. मला ते नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमच्या पहिल्या प्रयोगासाठी एक लाकडी बोर्ड होता. त्यावर दोन खुंट्या आणि छापलेलं: दहा व्होल्ट. आतून पक्के दहाच येणार अशी त्याची रचना. मीटर लावायचं, वाचायचं, लिहायचं, बस. सरळ नजरेने वाचता येतं का, एवढंच बघायला तो प्रयोग होता. मी वाचलं. नऊ पॉइंट आठ. एक घर कमी. मी मीटरच्या थेट वर वाकले, सावली काट्याखाली घेतली, श्वाससुद्धा रोखला. नऊ पॉइंट आठ. तेच लिहिलं. माझ्या शेजारणीने मीटरकडे न बघताच दहा लिहिलं.

सर जर्नल आपल्या टेबलाशी बसून तपासायचे. शेजारणीला बरोबरची खूण मिळाली. माझ्या पानावर लाल शाईने: नजर तिरकी.

तो प्रयोग मी चार वेळा केला. चार वेळा नऊ पॉइंट आठ. चार वेळा लाल शाई. सर म्हणायचे, "मीटर खोटं नाही बोलत दीकरा, बघणारा चुकतो." आणि त्यांची एक थिअरीही होती. पूर्वीची मुलं दहाच वाचायची. दहा-अकरा वर्षं झाली, मुलं नऊ पॉइंट आठ वाचायला लागली. "मोबाइल आला ने, तेव्हापासून. आडवं पडून बघता. नजर फिरली तुम्हा लोकांची." हे ते अगदी मनापासून, काळजीने सांगायचे. माझ्याकडे साधा फोन होता, तोही पप्पांचा, पण मी ते म्हणाले नाही. मी घरी आरशासमोर उभी राहून मान सरळ आहे का ते बघायचे. आईने विचारलं तर म्हटलं, मान दुखते. मनात येऊ लागलं होतं की हे आपलं काम नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या काटा बघतात, त्यांनाच हे जमत असेल.

पाचव्या वेळी मी दहा लिहिणार होते. पेन टेकवलं होतं.

त्याच आठवड्यात नवीन डिजिटल मीटर आली. आठ खोकी. आमच्या देसाई मॅडमनी मागवली होती. मॅडम नवीनच लागलेल्या, हसऱ्या, सरांना न घाबरणाऱ्या बहुधा एकट्याच. कॉलेजने ठरवलं होतं की डिजिटल आली, तर काट्याची जुनी मीटर भंगारात द्यायची. पुढच्या सोमवारी समिती बघायला येणार होती.

सरांनी नवीन मीटर हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि फरसाणाचं पाकीट ठेवावं तसं ठेवून दिलं. "याला काटाच नाही. हा विचार करताना दिसत नाही, नुसतं उत्तर फेकतो. माणूस असा असला तर आपण त्याला उद्धट म्हणतो."

मॅडम म्हणाल्या, "पण कर्णिकभाई, उत्तर बरोबर फेकतो ने!" आणि गंमत म्हणून त्यांनी ते दहा व्होल्टच्या बोर्डाला लावलं. दहा. पुढे शून्य, शून्य. शेजारी मीटर नंबर सात होतं. नऊ पॉइंट आठ.

मी माझ्या जर्नलचं लाल शाईचं पान उघडलं.

"एक घर कमी दाखवतंय हो तुमचं," मॅडम म्हणाल्या.

सर उठले. अकरा वर्षांत त्या बोर्डापाशी ते पहिल्यांदाच आले असतील. त्यांच्या लेखी तो पोरांचा प्रयोग होता. चष्मा कपाळावर, डोळा बंद, श्वास बंद. बराच वेळ. मग म्हणाले, "तुमचं डिजिटल जास्त दाखवतं."

"नवं आहे!"

"नवं म्हणजे खरं? पाटलीणबाई, सगळी मीटर आणा."

बावीस मीटर एकामागून एक लागली. सर प्रत्येकाचं रीडिंग मोठ्याने सांगायचे, मी फळ्यावर लिहायचे. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ. बाविसाच्या बावीस. मग सरांनी खणातून आपलं मीटर काढलं, पिवळा कपडा सोडला, लावलं. नऊ पॉइंट आठ. ते फळ्यासमोर असे उभे राहिले जसे निवडणूक जिंकून आलेत. "तेवीस साक्षीदार एका बाजूला, एक पोपट एका बाजूला. समितीला हे दाखवा. भंगारात कोणी जायचं, ते ठरवू मग."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी फळ्यावरचे आकडे जर्नलमध्ये उतरवून घेत होते. आमच्या तक्त्यात शेवटचा एक रकाना असतो, तपासणीचा संदर्भ: हे मीटर कशाशी जुळवून तपासलं ते लिहायचं. तो रिकामा ठेवला की सर रागवायचे. म्हणून मी विचारलं. हुशारी म्हणून नाही, देवाशपथ, रकाना भरायचा होता म्हणून.

"सर, ही बावीस मीटर कशावर जुळवलीत?"

"माझ्या मीटरवर," सर म्हणाले. "आणखी कशावर?"

मी रकान्यात लिहिलं: कर्णिक सरांचं मीटर. खाली पुन्हा तेच. खाली पुन्हा तेच. सहाव्या ओळीला माझा हात मंदावला. मान वर केली तर सर माझ्या वहीकडे बघत होते. मॅडमही बघत होत्या. त्यांना ते कळलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत, याबद्दल मला त्या फार आवडतात.

साक्षीदार तेवीस नव्हते. एकच होता. बाकीच्या बाविसांना त्याने सांगितलं होतं तेच ते बोलत होते.

सरांनी आपलं मीटर कपड्यात गुंडाळलं. "सुटी," म्हणाले. तास संपायला चाळीस मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. सर आधीच आले होते. टेबलावर त्यांचं मीटर, बंद. शेजारी चिठ्ठी आणि पेन. नियम म्हणजे नियम. मला बघून म्हणाले, "बसा. मी बोलतो, तुम्ही चुका काढा." आणि मला पहिल्यांदाच ते अहो-जाहो चेष्टेचं वाटलं नाही.

"वायरी बदलून बघितल्या, तेच. शून्य बरोबर बसतो. काटा अडकत नाही. खटका साफ आहे. एखादा रेझिस्टर गेला असता तर एकाच रेंजवर चूक आली असती. इथे सगळ्या रेंजवर चूक आहे, आणि सगळीकडे सारखीच. म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या रेंजना जे सामाईक आहे ते," मी म्हटलं.

"सामाईक काय?"

"काटा फिरवणारं यंत्र. कॉइल, स्प्रिंग, चुंबक."

त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठीवर लिहिलं. घडी न घालता माझ्यापुढे सरकवली. चुंबक कमजोर. त्याखाली, मी कारण जाणतो.

सरांचा आणखी एक नियम होता, तो त्यांनी आम्हाला पहिल्या तासाला सांगितला होता. काहीही करा, पण चुंबकाच्या मधला लोखंडी गाभा बाहेर काढू नका. गाभा काढला की त्या चुंबकाचा जोर थोडा उतरतो, आणि परत बसवला तरी पूर्वीसारखा होत नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या मीटरमध्ये लोखंडाचा एक कण गेला होता. काटा मध्येच अडखळायचा. गाभा न काढता कण निघेना. "दुसऱ्या कोणाला मी हात लावू दिला नसता. मला वाटलं, माझा हात आहे. अर्ध्या मिनिटात काढला, अर्ध्या मिनिटात घातला." मग त्यांनी नवीन सेलवर लावून बघितलं. दीड व्होल्टच्या जरासं वर. ठीक. "नवा सेल कधीच नेमका दीड नसतो, किती वर असेल ते सांगता येत नाही, हे मीच शिकवतो तुम्हाला. आणि मीच सेलला साक्षीला बोलावलं." त्यानंतर एकेक करत, जसं बिघडेल तसं, त्यांनी बावीसही मीटरांना त्या खोट्या काट्याशी जुळवलं आणि हिरवे ठिपके दिले.

मला वाटलं, ते मीटरांबद्दल वाईट वाटून घेताहेत. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सर, स्क्रू फिरवून सगळी परत बरोबर होतील."

"मीटर होतील," सर म्हणाले. "पोरांचं काय? ज्यांनी बघून खरं लिहिलं त्यांना मी तिरकी नजर म्हटलं. ज्यांनी बघितलंच नाही त्यांना बरोबर दिलं. अकरा वर्षं. आठ पावलांवर बोर्ड होता, एकदा उठून आलो नाही."

मग त्यांनी मान खाली घालून माझं जर्नल मागितलं. चारही पानांवरची लाल शाई खोडली आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. चौथ्या सहीनंतर म्हणाले, "पाचव्यांदा काय लिहिणार होतीस?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "दहा."

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिले.

सोमवारी समितीपुढे सरांनी स्वतः सांगितलं की बावीस मीटर त्यांनी बिघडवली आहेत आणि पंधरा दिवस हवेत. समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, भंगारात द्यायची वस्तू दुरुस्त कशाला करता? सर म्हणाले, "भंगारात जायचं तर नेमकं दाखवत जाऊ दे." पंधरा दिवस त्यांनी उद्धट पोपटाला शेजारी बसवून एकेक स्क्रू फिरवला. मॅडम येता-जाता विचारायच्या, "शुं कर्णिकभाई, पोपट काय म्हणतो?" सर म्हणायचे, "बोलतो खरं, पण वाकायला लावत नाही. कंबर आखडली माझी सवयीने." शेवटी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सहा मीटर ठेवली, सोळा गेली. स्वतःच्या मीटरला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते तसंच, एक घर कमी, खणात राहिलं. मे महिन्यात ते निवृत्त झाले.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. "पाटलीणबाई, मला सुभानपुऱ्यात एका ठिकाणी जायचंय. एकट्याने जायला पाय उचलत नाही. तूच विचारलं होतंस, तूच चल."

तिथे पोचून स्कूटर फाटकाशी लावताना त्यांनी सांगितलं. मीनल जाधव नावाची मुलगी. आठ वर्षांपूर्वीची. ती नऊ पॉइंट आठ वरून हटायलाच तयार नव्हती, आणि सरांनी सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं होतं, "दीकरा, तू कम्प्युटरला जा. तिथे काटे नसतात." पुढच्या सत्रात ती खरंच शाखा बदलून गेली. बाकीची नावं त्यांना आठवत नव्हती. हे एक विसरता येत नव्हतं.

दार मीनलताईंनीच उघडलं. सरांना ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. पाणी आलं, पण सर बसले नाहीत. उभ्यानेच, पाठ करून आल्यासारखं म्हणाले, "तुझं रीडिंग बरोबर होतं. मीटर चुकीचं होतं. मी केलेलं."

मीनलताई म्हणाल्या, "सर, मला माहीत आहे."

"माहीत आहे? केव्हापासून?"

"तेव्हापासूनच. बाबांचं मीटर आणलं होतं मी, डब्याच्या पिशवीतून. रिफायनरीत दर वर्षी तपासून मिळायचं त्यांना. बोर्डाला लावलं तर दहा आलं."

"मग मला दाखवायचं ने!"

"दाखवलं होतं."

सरांनी चष्मा काढला.

"तुम्ही मान वर न करता म्हणालात, बाबांना सांग, मीटर तपासून आणा. आणि वर म्हणालात, रिफायनरीवाले मीटरसुद्धा तेलात तळतात."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. मीनलताई मात्र मोकळ्या हसल्या. सरांना ते वाक्य आठवत नव्हतं, पण त्यांचंच आहे हे त्यांनी ओळखलं असावं, कारण कान लाल झाले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कम्प्युटरला माझ्यामुळे गेलीस?"

मीनलताईंनी लगेच नाही म्हटलं नाही. विचार केला. "थोडं तुमच्यामुळे, सर. पण राहिले ते मला आवडलं म्हणून."

सरांनी ते उत्तर जसंच्या तसं घेतलं. मग खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "ते मीटर आहे का अजून?"

होतं. आत कपाटावर, धूळ बसलेलं. सरांनी खांद्यावरच्या पिशवीतून पिवळा कपडा काढला. मीनलताईंनी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून दिला. दोन्ही मीटर शेजारी शेजारी त्या एका सेलवर लागली, आणि दोन काट्यांत बारीकसा फरक दिसला. सरांनी आपल्या मीटरचे मागचे चार स्क्रू काढले. दुसऱ्या मीटरांचा स्क्रू आपल्या मीटरकडे बघून फिरवताना मी त्यांना कितीदा बघितलं होतं. त्या दिवशी त्यांनी आपला स्क्रू धरला आणि मीनलताईंना म्हणाले, "तू वाच. मी वाचणार नाही."

मीनलताई वाकल्या. एक डोळा मिटला.

मला वाघोडियाची बस गाठायची होती. मी चपला घातल्या, पण दारातून निघवेना. सर सतरंजीवर मांडी घालून बसले होते, हातात छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि मान मुद्दाम भिंतीकडे फिरवलेली, म्हणजे चुकूनही काटा दिसू नये.

"अजून अर्धं घर कमी आहे, सर."

सरांनी फिरवला.

"जास्त झालं. उलटा फिरवा. हळू."

"हो, हो," सर भिंतीकडे बघतच म्हणाले, "फिरवतो. तू सांगत राहा."